मुद्दल आणि मनगट

आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनाच्या दिवशी देशोदेशींची पथके आपापल्या ध्वजामागून संचलन करीत जातात. काही पथके पाचशे-सहाशे खेळाडूंची असतात; ती डोळ्यांसमोरून सरेपर्यंत बराच वेळ जातो. मध्येच एखादे पथक असे येते की ज्यात ध्वज धरणारा आणि खेळणारा एकच असतो. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये नाउरू या देशाचे पथक असे होते. इट्टे डेटेनामो हे एकटे भारोत्तोलक आपल्या देशाच्या वतीने उतरले होते. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही या देशाचा एकच खेळाडू होता. शंभर मीटर धावणारे विन्झार काकिओउआ. निवेदक अशा देशाचे नाव घेतो, त्याची लोकसंख्या सांगतो आणि पुढच्या देशाकडे वळतो.

व्यापारी घरातील वाचकांनी मात्र या देशापाशी थोडे अधिक थांबावे. कारण दोन प्रकारच्या संपत्तीचे जमाखर्च या देशात जवळजवळ एकाच काळात लिहिले गेले. एक संपत्ती जमिनीतून निघाली, दुसरी माणसांच्या देहातून आणि सरावातून निघाली. पहिल्या खात्याचे आकडे प्रचंड होते. दुसऱ्याचे अगदी लहान. तीस-पस्तीस वर्षांनी ताळेबंद मांडला, तेव्हा कोणत्या खात्यात शिल्लक राहिली, हे पाहण्यासारखे आहे.

दाराला लावलेला दगड

नाउरू हे प्रशांत महासागरातील एकच बेट. क्षेत्रफळ एकवीस चौरस किलोमीटर. विषुववृत्ताच्या दक्षिणेस पंचावन्न-साठ किलोमीटरवर ते एकटे उभे आहे; सर्वांत जवळचे बेट सुमारे तीनशे किलोमीटर दूर. लोकसंख्या आज बारा हजारांच्या आसपास. आपल्याकडील तालुक्याच्या गावातही याहून अधिक माणसे राहतात.

या बेटाचे भाग्य एका दगडाने बदलले. प्रशांत महासागरात व्यापार करणाऱ्या एका कंपनीच्या सिडनीतील कचेरीत, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून एक दगड लावून ठेवलेला असे. तो नाउरूहून आणलेला होता. अल्बर्ट एलिस या कर्मचाऱ्याचे लक्ष त्याकडे गेले, त्याने त्याची तपासणी केली, आणि तो उत्तम प्रतीचा फॉस्फेट असल्याचे आढळले. शेतीला लागणाऱ्या खताचा हा कच्चा माल. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खाणकाम सुरू झाले. आधी जर्मनीच्या, मग पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या ताब्यात हे बेट राहिले. तेथील फॉस्फेट ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांवर पसरले गेले आणि तेथील शिवारे हिरवी झाली. बेटवासीयांच्या वाट्याला मोबदला फारच थोडा आला.

या लोकांना स्वतःची संख्याही जपावी लागत होती. साथींमुळे लोकसंख्या इतकी घटली की वंश टिकण्यासाठी किमान पंधराशे माणसे असली पाहिजेत, असे त्या काळी मानले गेले. 1932 साली 26 ऑक्टोबरला जन्मलेल्या एका मुलीने तो आकडा पूर्ण झाला. तेव्हापासून तो दिवस ‘अंगाम’ या नावाने राष्ट्रीय सण म्हणून पाळला जातो. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानने बेट घेतले आणि सुमारे बाराशे बेटवासीयांना ट्रक बेटांवर मजुरीसाठी नेले. 1946 च्या 31 जानेवारीस त्यांतील 737 जण परत आले. ज्या मुलीच्या जन्माने सण सुरू झाला, ती परतलेल्यांत नव्हती. पंधराशेचा आकडा पुन्हा गाठायला 1949 उजाडले. परतीच्या त्या तारखेची आठवण ठेवून नाउरूने 1968 च्या 31 जानेवारीस स्वातंत्र्य स्वीकारले.

आलेला पैसा आणि गेलेला पैसा

स्वतंत्र झाल्यावर नाउरूने खाणींचा व्यवसाय 2 कोटी 10 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन परकीयांकडून विकत घेतला. आता सारे उत्पन्न घरचे झाले. सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नाच्या बाबतीत हे बेट जगातील अतिश्रीमंत देशांच्या पंक्तीत बसले. प्राप्तिकर नव्हता. शिक्षण आणि औषधोपचार सरकारी खर्चाने होत. खाणीतले काम बाहेरून आणलेले मजूर करीत.

फॉस्फेट एक दिवस संपणार, हे नेत्यांना ठाऊक होते. म्हणून उत्पन्नाचा मोठा भाग विश्वस्त निधीत टाकला गेला. खाणी संपल्यावर पुढच्या पिढ्यांनी व्याजावर जगावे, हा हेतू. विचार योग्यच होता. कोणत्याही जुन्या पेढीवरच्या वडीलधाऱ्याने हाच सल्ला दिला असता. चूक पुढे, व्यवहारात झाली.

मेलबर्नमध्ये कॉलिन्स स्ट्रीटवर बावन्न मजली ‘नाउरू हाऊस’ उभारले गेले आणि 1977 मध्ये ते सुरू झाले. दूरदूरच्या शहरांत मालमत्ता घेतल्या. बारा हजारांहूनही कमी वस्तीच्या देशाने स्वतःची विमानसेवा चालवली. 1993 साली लंडनच्या रंगभूमीवर लिओनार्दो द व्हिंचीच्या जीवनावर एका संगीतिकेत नाउरूचा पैसा घातला गेला. ती काही आठवड्यांत बंद पडली. ज्यांच्या हाती पैसा दिला त्यांच्यावर देखरेख नव्हती. तूट आली की मालमत्ता तारण ठेवून कर्ज काढले जाई. म्हणजे व्याज पुरेना तेव्हा मुद्दलाला हात लागला, आणि मुद्दल पुरेना तेव्हा उधारीला. व्यापाऱ्याला याची पुढची पायरी सांगावी लागत नाही.

2004 मध्ये धनकोंनी ताबा घेतला आणि नाउरू हाऊस विकले गेले. 2005 च्या डिसेंबरात विमानसेवेचे उरलेले एकमेव विमानही धनकोंनी नेले. सरकारी बँकेत लोकांच्या ठेवी अडकल्या. बेटाचा सुमारे चार-पंचमांश भाग खणून झाला होता. आत चुनखडीचे उघडे सुळके उरले होते, जिथे शेतीही होत नाही आणि घरही बांधता येत नाही. आयते अन्न आणि बैठे जीवन यांच्यामुळे मधुमेहाने घरोघर ठाण मांडले होते.

हे झाले पहिले खाते. आता दुसरे.

उसना ध्वज

नाउरूचा राष्ट्रीय खेळ ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल. भारोत्तोलनाची तेथे जुनी परंपरा नव्हती. मार्कस स्टीफन हे 1969 साली जन्मलेले, म्हणजे देशाच्या स्वातंत्र्याहून दीड-दोन वर्षांनी लहान. शिक्षणासाठी ते मेलबर्नला गेले. तेथे पॉल कोफा या ऑस्ट्रेलियन प्रशिक्षकाच्या हाताखाली ते वजन उचलू लागले.

हा खेळ बाहेरून सोपा दिसतो. एका पोलादी दांडीच्या दोन्ही बाजूंना चकत्या लावलेल्या असतात आणि ती डोक्यावर न्यायची असते. पहिला प्रकार ‘स्नॅच’. त्यात दांडी जमिनीवरून एकाच झेपेत डोक्यावर जाते. दुसरा ‘क्लीन अँड जर्क’; त्यात ती आधी खांद्यावर घ्यायची आणि मग वर ढकलायची. प्रत्येक प्रकाराला तीन संधी. तिन्ही फसल्या तर त्या प्रकारात शून्य, आणि एकूण बेरीजही नाही. स्पर्धेआधी खेळाडूचेही वजन होते, म्हणजे सारख्या वजनाची माणसे सारख्या मापाने तोलली जातात. शंभर किलोची दांडी मोठ्या देशाच्या खेळाडूला हलकी होत नाही आणि लहान देशाच्या खेळाडूला जडही होत नाही. ज्या देशाला मैदाने, तलाव, शेकडो प्रशिक्षक परवडत नाहीत, त्या देशासाठी हा खेळ एवढ्यासाठीच न्याय्य ठरतो. त्याला लागते एक खोली, एक दांडी, जाणता गुरू आणि वर्षानुवर्षे न चुकता येणारा शिष्य.

1990 च्या जानेवारीत न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा भरल्या. नाउरू प्रथमच सहभागी झाले होते. वीस वर्षांच्या स्टीफन यांनी साठ किलो वजनी गटात स्नॅचमध्ये सुवर्णपदक जिंकले आणि त्याच गटात दोन रौप्यपदकेही मिळवली. पहिल्याच वेळी, पहिल्याच खेळाडूने देशाचे नाव पदकतक्त्यावर लिहिले.

दोन वर्षांनी बार्सिलोना ऑलिम्पिक आले, तेव्हा अडचण उभी राहिली. नाउरूला ऑलिम्पिक समितीच नव्हती, म्हणून त्याच्या ध्वजाखाली उतरण्याची सोयही नव्हती. ज्या वर्षांत हा देश लंडनच्या नाटकासाठी पैसा उभा करू शकत होता, त्याच वर्षांत त्याच्या सर्वोत्तम खेळाडूला शेजारच्या सामोआ देशाचे नागरिकत्व घेऊन, सामोआच्या वतीने बार्सिलोनाला उतरावे लागले. ते आपल्या गटात नववे आले. पदक नव्हते, पण एवढ्या लहान बेटावरचा मनुष्य ऑलिम्पिकच्या पहिल्या दहांत बसतो, हे सिद्ध झाले.

यातून प्रयत्न सुरू झाले. नाउरूची ऑलिम्पिक समिती स्थापन झाली आणि 1994 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची मान्यता मिळाली. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये नाउरूचा ध्वज प्रथमच संचलनात आला. पथकात तिघे होते: मार्कस स्टीफन, जेरार्ड गाराबवान आणि क्विन्सी डेटेनामो. तिघेही भारोत्तोलक. स्टीफन यांना तेथे क्रमवारीत स्थान मिळाले नाही. ज्या ध्वजासाठी इतकी वाट पाहिली, त्या ध्वजाखालच्या पहिल्याच ऑलिम्पिकमध्ये हाती काही लागले नाही. तरी त्यांनी सराव सोडला नाही, हे अधिक महत्त्वाचे.

पदकांचा हिशेब

राष्ट्रकुल स्पर्धांत मात्र त्यांचे खाते वाढत गेले. 1994 मध्ये कॅनडातील व्हिक्टोरिया येथे तीन सुवर्णपदके. 1998 मध्ये क्वालालंपूर येथे पुन्हा तीन. 2002 मध्ये मँचेस्टर येथे तीन रौप्य. चार स्पर्धा मिळून सात सुवर्ण आणि पाच रौप्य, एकूण बारा पदके. मधल्या काळात 1999 मध्ये अथेन्स येथील जागतिक स्पर्धेतही त्यांनी रौप्यपदक मिळवले.

हिशेब सचोटीने मांडायचा तर एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या काळी राष्ट्रकुल स्पर्धेत प्रत्येक वजनी गटात तीन स्वतंत्र पदके दिली जात: स्नॅचचे एक, क्लीन अँड जर्कचे एक आणि एकूण बेरजेचे एक. त्यामुळे एकाच दिवशी एकाच खेळाडूला तीन सुवर्णपदके मिळू शकत. पुढे हा नियम बदलला आणि एका गटाला एकच सुवर्ण राहिले. मँचेस्टरला नाउरूने पंधरा पदके नेली, तीही जुन्या नियमाच्या काळात. आकडा फुगलेला वाटला तरी त्यामागचे श्रम फुगवता येत नाहीत. दांडीवरच्या चकत्या तेवढ्याच वजनाच्या होत्या.

मँचेस्टरची आणखी एक नोंद आहे. नाउरूची तेथील दोन्ही सुवर्णपदके रियाना सोलोमन या तरुणीने जिंकली. स्टीफन यांनी लावलेले रोप आता दुसऱ्यांच्या हातून फळू लागले होते. एका माणसाचा पराक्रम एका माणसाबरोबर संपतो. तो दुसऱ्याने उचलून धरला की त्याची परंपरा होते. पॉल कोफा यांनी प्रशांत बेटांवरच्या खेळाडूंसाठी भारोत्तोलनाची निवासी संस्था चालवली. ती आधी फिजीत, नंतर सामोआत आणि पुढे न्यू कॅलेडोनियात होती. लहानलहान देशांची मुले तेथे एकत्र राहत, एकाच खोलीत सराव करीत. कोणत्याही एका बेटाला जे परवडले नसते, ते अनेक बेटांनी मिळून उभे केले.

2006 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धा मेलबर्नला भरल्या. नाउरू हाऊस हातचे जाऊन दोन वर्षेही झाली नव्हती. उरलेले विमान जाऊन तीन महिने झाले होते. ज्या शहरात आपल्या मालकीचा बावन्न मजली मनोरा होता, त्या शहरात नाउरूचे खेळाडू पाहुणे म्हणून आले आणि पदके घेऊन परतले. त्यानंतर 2010 मध्ये दिल्ली. जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या परिसरातील भारोत्तोलन सभागृहात सत्त्याहत्तर किलो गटात युकिओ पीटर यांनी सुवर्णपदक जिंकले. भारतीय प्रेक्षकांसमोर नाउरूचे राष्ट्रगीत वाजले. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांना त्या देशाच्या दिवाळखोरीची कथा ठाऊक असेल, कोण जाणे.

पुढे 2014 मध्ये ग्लासगोला इट्टे डेटेनामो यांचे रौप्य, 2018 मध्ये गोल्ड कोस्टला करिश्मा आमो-टॅरंट यांचे रौप्य, 2022 मध्ये बर्मिंगहॅमला मॅक्सिमिना उएपा यांचे कांस्य. 1990 पासून 2022 पर्यंत नऊ राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या आणि प्रत्येक स्पर्धेत या देशाला किमान एक पदक मिळाले. इमारत गेली, विमान गेले, बँक गेली. या एका खात्यात मात्र कोणत्याही वर्षी शून्य लिहावे लागले नाही.

मनगटाचीही मर्यादा

असा हिशेब मांडला की मन सुखावते आणि निष्कर्ष लगेच हाती येतो: पैसा व्यर्थ, श्रम श्रेष्ठ. पण इतक्या झटपट निघालेला निष्कर्ष पुन्हा तपासून घ्यावा.

पहिली गोष्ट अशी की, या खेळाडूंनाही पैशाचा आधार लागला. मेलबर्नला शिकायला जाण्याची ऐपत, प्रवासाचा खर्च, स्पर्धांची फी, हे सर्व कोणीतरी भरतेच. भांडवलाशिवाय कौशल्य रुजत नाही. भांडवल कुठे घालायचे, एवढाच प्रश्न असतो. विश्वस्त निधीतील कोट्यवधींच्या तुलनेत एका व्यायामशाळेचा आणि एका प्रशिक्षकाचा खर्च किरकोळ होता. परतावा त्या किरकोळ खर्चाचाच राहिला.

दुसरी गोष्ट, कौशल्यही घर सोडून जाते. करिश्मा आमो-टॅरंट यांनी पुढे ऑस्ट्रेलियाची निवड केली आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्या ऑस्ट्रेलियाच्या वतीने उतरल्या. यात त्यांचा दोष नाही. जिथे संधी मोठी तिथे तरुण माणूस जातो, हे व्यापारी घरांनी आपल्या गावांतही पाहिले आहे. दिल्लीनंतर नाउरूला सुवर्णपदक मिळालेले नाही. ऑलिम्पिकमध्ये तर आजवर एकही पदक नाही. दुसऱ्या खात्यातली जमाही दरवर्षी नव्याने करावी लागते. मागच्या पिढीच्या सरावावर पुढच्या पिढीला दांडी उचलता येत नाही.

तिसरी गोष्ट स्वतः स्टीफन यांच्या पुढील आयुष्यातली. 2003 मध्ये ते संसदेवर निवडून आले, काही काळ अर्थमंत्री झाले आणि 2007 च्या डिसेंबरात देशाचे राष्ट्राध्यक्ष. रिकाम्या तिजोरीचा भार आता त्यांच्या खांद्यावर आला. हा भार तीन संधींत उचलून खाली ठेवण्यासारखा नव्हता. संसदेतील फाटाफूट, परकीयांच्या मदतीवरचे अवलंबित्व, उरल्यासुरल्या फॉस्फेटचे सौदे, यांतून त्यांना वाट काढायची होती. 2011 च्या नोव्हेंबरात, फॉस्फेटच्या एका व्यवहारावरून विरोधकांनी केलेल्या आरोपांच्या वातावरणात त्यांनी राजीनामा दिला. आरोप त्यांनी अमान्य केले होते. खेळात निर्णय तत्काळ होतो, पंच पांढरा दिवा लावतात आणि वाद संपतो. राज्यकारभारात असा दिवा नसतो.

पण त्याच वर्षीच्या जुलैत त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्रात एक लेख लिहिला. आपल्या देशाने जमिनीचा कसा नाश होऊ दिला, खणून काढलेल्या बेटावर समुद्र चढू लागला तर आत सरकायला जागा उरलेली नाही, हे त्यांनी जगासमोर मांडले आणि आपला देश इतरांनी धडा म्हणून पाहावा, असे सुचवले. राष्ट्रप्रमुखाने स्वतःच्या देशाचे अपयश परक्या वृत्तपत्रात उघड करणे सोपे नाही. वजन उचलताना दांडी हातातून सुटली तर ती सर्वांसमोर सुटते, लपवता येत नाही. ज्याला याची सवय आहे, त्याला कदाचित असे लिहिणे जमते.

वारसा कशाचा?

आपल्या पेढ्यांवर एक अनुभव जुना आहे. पहिली पिढी दुकान उभारते, दुसरी वाढवते, तिसऱ्या पिढीत वाटण्या किंवा उधळपट्टी सुरू होते. याचे खापर बहुधा तिसऱ्या पिढीच्या चैनीवर फोडले जाते. नाउरूची कथा वाचल्यावर वाटते, दोष अर्धाच तिचा असावा. तिच्या हाती मुद्दल दिले गेले. मुद्दल राखायला लागणारी नजर आणि सवय दिली गेली नाही. खाणीत काम परके मजूर करीत होते, गुंतवणूक परके सल्लागार पाहत होते, विमान परके चालवीत होते. घरच्या माणसाला फक्त पैसा येताना दिसत होता. जो पैसा कसा आला हे हाताला माहीत नाही, तो कसा चालला हेही डोळ्याला कळत नाही.

भारोत्तोलनाच्या खोलीत याच्या उलट व्यवस्था होती. तेथे वडिलांचे बळ मुलाच्या नावावर करता येत नाही. काल उचललेले आज पुन्हा उचलावे लागते. वजन पाच किलोने वाढवायचे तर महिनोन्महिने घालवावे लागतात, आणि घाई केली तर सांधा निखळतो. गुरू शिष्याला आपले यश देऊ शकत नाही, फक्त रीत देऊ शकतो. देण्याजोगे तेवढेच असते, आणि नाउरूत ती रीत स्टीफन यांच्याकडून सोलोमन, पीटर, डेटेनामो, उएपा अशी एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

नाउरूने पहिल्या खात्यापासूनही काही शिकले. आता तेथे प्राप्तिकर भरावा लागतो. 2015 मध्ये एक नवा विश्वस्त निधी स्थापन झाला. त्यात ऑस्ट्रेलिया आणि तैवान यांनीही पैसे घातले. या वेळी देखरेखीला बाहेरचे भागीदार आहेत आणि ठरावीक मुदत पूर्ण होईपर्यंत त्यातून रक्कम काढायची नाही, असे बंधन आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा हेतूच आता कुलूप लावून अमलात आणला जात आहे. हे कुलूप टिकेल का, हे पुढच्या पिढीच्या सवयींवर ठरेल.

दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती देण्याचा दिवस प्रत्येक घरात येतो. त्या दिवशी तिजोरीत किती आहे, हे सर्व जण मोजतात. त्याआधीची दहा वर्षे तो मुलगा सकाळी किती वाजता दुकानात येत होता, माल त्याने स्वतः किती वेळा तोलला, तोटा झाला तेव्हा तो कोणाला आणि कधी सांगितला, याचीही एक खतावणी ठेवता आली, तर ती तिजोरीच्या आकड्याआधी वाचावी.